‘क्लोरोफॉर्म सापडलं’ म्हणजे नेमकं काय सापडलं?

हरवलेल्या मुलाच्या तपासात एखाद्या रसायनाचं नाव आलं की आपल्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. दोन गाजलेली प्रकरणं सांगतात की खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

लहान मूल बेपत्ता झाल्याची बातमी आमच्या डिजिटल डेस्कवर आली की पहिले काही तास लोक मनापासून विचारपूस करतात. शेवटचं कुठे दिसलं, अंगावर कपडे कोणते होते, काही कळलं का? मग ‘फॉरेन्सिक पथकाने नमुने घेतले’ अशी एक ओळ येते आणि कमेंट्सचा सूर बदलतो. रक्तच असणार. गुंगीचं औषध दिलं असणार. घरातल्याच कुणीतरी केलं असणार. प्रयोगशाळेचा अहवाल यायला अजून वेळ असतो, पण निकाल संध्याकाळपर्यंत लागलेला असतो.

मी इंजिनीअरिंग केलं आहे. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मॅडम जर्नल उघडून आधी एकच गोष्ट बघायच्या, ‘ब्लँक घेतलास का?’ ब्लँक म्हणजे नमुना न घालता केलेली तीच चाचणी. नमुना नसतानाही रंग बदलत असेल, तर नमुना घातल्यावर बदललेल्या रंगाला किती किंमत द्यायची हे त्यावरून ठरतं. ब्लँक नसेल तर रीडिंग कितीही सुबक असो, मॅडम जर्नल परत करायच्या.

तेव्हा ती कटकट वाटायची. पण मुलांच्या बेपत्ता होण्याची दोन जगप्रसिद्ध प्रकरणं वाचल्यावर त्या प्रश्नाचं वजन कळलं. एका प्रकरणात ब्लँक न घेतल्यामुळे एक आई तुरुंगात गेली. दुसऱ्यात एका रसायनाच्या नावामागे सगळे इतके धावले की लहानग्या मुलीचं काय झालं हे आजही ठामपणे सांगता येत नाही.

ऑर्लँडोमध्ये काय घडलं?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो इथे १५ जुलै २००८ रोजी एका आजीने पोलिसांना फोन केला. तिची नात केली अँथनी महिनाभरापासून दिसली नव्हती. केली तेव्हा तीन वर्षांचीही झालेली नव्हती. तिची आई केसी हिने ती हरवल्याची तक्रारच केली नव्हती, उलट विचारणाऱ्यांना ती वेगवेगळ्या कहाण्या सांगत होती. केसीची गाडी सोडून दिलेली सापडली होती आणि टोइंग यार्डातून परत आणली तेव्हा तिला भयंकर वास येत होता. गाडीत मेलेलं माणूस ठेवल्यासारखा वास येतोय, असं आजीने फोनवर सांगितलं. डिकीत कचऱ्याची एक पिशवीही होती.

११ डिसेंबर २००८ रोजी घराजवळच्या झाडीत केलीचे अवशेष सापडले. मृत्यू खुनाचा आहे असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी म्हटलं, पण तो नेमका कशाने झाला हे अवशेषांवरून ठरवता आलं नाही. ती रिकामी जागा एका शब्दाने भरून काढली. तो शब्द होता ‘क्लोरोफॉर्म’.

फ्लोरिडात सरकारी कागदपत्रं लोकांना पाहता येतात. त्यामुळे तपासातले अहवाल खटल्याच्या आधीच बाहेर आले. टीव्हीवर रात्रीच्या रात्री चर्चा रंगल्या. गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त लोक, सगळेच रसायनशास्त्रज्ञ झाले. प्रसिद्धी इतकी होती की ज्युरीचे सदस्य दुसऱ्या काउंटीतून आणून खटला संपेपर्यंत बाहेरच्या जगापासून दूर ठेवावे लागले.

डिकीतल्या हवेत क्लोरोफॉर्म कसं दिसतं?

तपास यंत्रणेने डिकीतल्या गालिच्याचे नमुने टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाठवले. तिथले डॉ. अर्पाद व्हास मृतदेह कुजताना हवेत कोणकोणती संयुगं सुटतात यावर अनेक वर्षं काम करत होते. हवेचा असा पुरावा अमेरिकेतल्या खटल्यात पहिल्यांदाच येत होता.

यासाठी जे यंत्र वापरतात त्याचं नाव गॅस क्रोमॅटोग्राफ–मास स्पेक्ट्रोमीटर. नाव लांबलचक असलं तरी काम समजायला सोपं आहे. लोकल ट्रेनमधून उतरलेली गर्दी एका लांब, अरुंद पुलावरून जाते अशी कल्पना करा. कुणी भराभर चालतं, कुणी रेंगाळतं, त्यामुळे पुलाच्या दुसऱ्या टोकाला माणसं वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. यंत्राच्या पहिल्या भागात हवेतली संयुगं अशीच एकमेकांपासून सुटी होतात. दुसऱ्या भागात प्रत्येकाची ओळखपरेड होते. कागदावर उमटतात ती उंच-बुटकी शिखरं.

शिखर दिसलं म्हणजे तो पदार्थ ‘आहे’. तो ‘किती’ आहे हे सांगायचं तर त्याच पदार्थाचे माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने त्याच यंत्रातून काढून तुलना करावी लागते. आणि तो ‘तिथे का’ आहे, हे यंत्र सांगतच नाही.

व्हास यांनी न्यायालयात सांगितलं की क्लोरोफॉर्मचं शिखर त्यांना धक्का बसावा इतकं मोठं होतं. पण त्या चाचणीत नेमकं प्रमाण मोजलेलं नव्हतं. एफबीआयच्या रसायनतज्ज्ञाने डिकीतले नमुने तपासले तेव्हा त्याला क्लोरोफॉर्म सापडलं, पण कमी पातळीवर, म्हणजे घरगुती सफाईच्या द्रव्यांत आढळावं इतपत. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने सांगितलं की फक्त मानवी मृतदेहातूनच सुटतं असं एकही ठरलेलं संयुग नाही. डिकीत मिळालेली बरीचशी संयुगं इतर गोष्टींतूनही येतात.

म्हणजे रसायन एकच, पण तीन तज्ज्ञांचा अर्थ तीन प्रकारचा. यात कुणी खोटं बोलत होतं असं नाही. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता. बाहेर मात्र हेडलाइन एकच होती, ‘डिकीत क्लोरोफॉर्म’.

आपल्या नळातही क्लोरोफॉर्म असतं का?

हो, असतं. पाण्यात क्लोरीन घातलं की पाण्यातल्या पाला-मातीसारख्या सेंद्रिय अंशांशी त्याची क्रिया होते आणि अत्यल्प क्लोरोफॉर्म तयार होतं. म्हणूनच पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरोफॉर्मसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक मर्यादा दिली आहे: एका लिटरमध्ये ०.३ मिलिग्रॅम. पोहण्याच्या तलावाच्या पाण्यातही ते असतं. कुजणाऱ्या देहातूनही ते थोडंसं सुटू शकतं. शिवाय हा पदार्थ चटकन उडून जातो, त्यामुळे नमुना हवाबंद डब्यात आला की साध्या खोक्यात, यावरही आकडा बदलतो.

आता ब्लँकचा प्रश्न इथे लावून बघा. ‘डिकीत क्लोरोफॉर्म होतं’ या वाक्याला अर्थ यायचा तर त्याच मॉडेलच्या, तितक्याच जुन्या, त्याच उन्हात तापलेल्या आणि कचरा ठेवलेल्या दुसऱ्या गाडीच्या डिकीत ते किती असतं हे माहीत हवं. हा प्रश्न टीव्हीवरच्या चर्चेत बसत नाही, कारण त्याचं उत्तर कंटाळवाणं असतं.

यात सिनेमाचाही हात आहे. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांत खलनायक रुमाल नाकाशी धरतो आणि नायिका दोन सेकंदांत कोसळते. एडिंबराच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर भूल देण्यासाठी सुरू केला, तेव्हापासून डॉक्टरांना माहीत आहे की माणूस बेशुद्ध व्हायला ते काही मिनिटं सतत हुंगावं लागतं. पण आपल्या डोक्यात रुमाल पक्का बसला आहे. त्यामुळे क्लोरोफॉर्म म्हटलं की अपहरण किंवा खून, तिसरं काही सुचतच नाही.

‘८४ वेळा शोधलं’ हा आकडा कुठून आला?

खटल्यात आणखी एक आकडा गाजला. घरातल्या संगणकावर क्लोरोफॉर्मबद्दलचं एक पान ८४ वेळा पाहिलं गेलं, असं सरकारी पक्षाने मांडलं. ८४ वेळा म्हणजे सरळ सरळ कट, असं कुणालाही वाटेल.

ते पान प्रत्यक्षात एकदाच उघडलं गेलं होतं. ८४ हा आकडा दुसऱ्याच एका सोशल मीडिया साइटचा होता. ब्राउझरची नोंद वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ओळींची गल्लत केली होती. दुसऱ्या सॉफ्टवेअरने तीच नोंद बरोबर वाचली होती. ज्याने पहिलं सॉफ्टवेअर तयार केलं त्यानेच पुढे ही चूक जाहीरपणे सांगितली.

कोड लिहिलेल्या कुणालाही हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. डेटा बरोबर असतो, पण तो वाचणारा प्रोग्रॅम एक रकाना सरकवतो. तेवढ्यानेच एका पानाच्या भेटी दुसऱ्याच्या नावावर जमा होतात आणि प्रोग्रॅम मात्र एररही दाखवत नाही. पण ८४ हा आकडा लोकांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही, कारण दुरुस्ती कधीच मूळ बातमीइतकी फिरत नाही. हे आमच्या डेस्कला रोज दिसतं आणि त्यात आमचाही वाटा आहे. चुकीची हेडलाइन नोटिफिकेशनने जाते, दुरुस्ती बातमीच्या तळाशी बारीक अक्षरांत बसते.

५ जुलै २०११ रोजी ज्युरीने केसी अँथनीला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. पोलिसांना खोटी माहिती दिल्याचे चार आरोप तेवढे टिकले, त्यातलेही दोन पुढे अपिलात गेले.

२०१२ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. केली शेवटची दिसली त्याच दिवशी घरातल्या संगणकावर दुसऱ्या एका ब्राउझरमधून गुदमरण्याबद्दल शोध घेतला गेला होता. तपास पथकाने त्या ब्राउझरची नोंद नीट पाहिलीच नव्हती. तो शोध कुणी घेतला आणि त्यावरून काय सिद्ध झालं असतं, हा वेगळा प्रश्न. पण क्लोरोफॉर्मच्या शोधांवर देशभर कीस पाडला जात असताना त्याच संगणकातली ही नोंद तशीच पडून होती.

हौशी तर्कांनी निष्पापाला त्रास होतो, हे आपण मान्य करतो. त्याने दोषी सुटायलाही मदत होते, हे सहसा लक्षात येत नाही. सगळा भार एका डळमळीत पुराव्यावर टाकला की तो कोसळताना बाकीचे पुरावेही सोबत नेतो.

आणि ब्लँक घेतलाच नाही, तर?

त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात मिळतं. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू या प्रचंड लाल खडकाजवळच्या तळावरून नऊ आठवड्यांची अझारिया चेंबरलेन नाहीशी झाली. तिला डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने नेलं, असं आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होत्या. पहिल्या चौकशीत ते मान्यही झालं.

लोकांनी ते मान्य केलं नाही. आई पुरेशी रडली नाही. वडील वेगळ्याच पंथाचे पाद्री. अझारिया या नावाचा अर्थ ‘रानात दिलेला बळी’ असा आहे, अशी अफवा पसरली. खरा अर्थ ‘देवाने मदत केली’ असा आहे. त्या वेळी स्मार्टफोन नव्हते, तरी अफवा देशभर पोहोचली.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. चेंबरलेन कुटुंबाच्या टोराना गाडीत डॅशबोर्डखाली उडालेले डाग होते आणि चाचणीत ते तान्ह्या बाळाचं रक्त ठरलं. तान्ह्या बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोठ्यांपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे हा पुरावा अगदी पक्का वाटला. २९ ऑक्टोबर १९८२ रोजी लिंडी यांना जन्मठेप झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांची दुसरी मुलगी तुरुंगवासातच जन्मली.

त्या डागांचं काय होतं? रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून कारखान्यातच गाडीला मारलेल्या डांबरी लेपाचा तो फवारा होता. रक्ताच्या प्राथमिक चाचणीत वापरलेलं ऑर्थो-टोलिडीन हे रसायन तांब्याच्या धुळीलाही तसाच प्रतिसाद देतं. चेंबरलेन कुटुंब राहायचं माउंट आयझा या गावात, जिथे तेव्हा तांब्याची मोठी खाण होती. चाचणीच्या मूळ पट्ट्या प्रयोगशाळेने नेहमीच्या पद्धतीप्रमाणे टाकून दिल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या तज्ज्ञाला त्या पुन्हा पाहता येत नव्हत्या.

फेब्रुवारी १९८६ मध्ये उलुरूजवळ बाळाचं जॅकेट सापडलं. ते तिने घातलं होतं असं लिंडी पहिल्यापासून सांगत होत्या. त्यांची सुटका झाली. १९८७ मध्ये न्यायमूर्ती मॉर्लिंग यांच्या आयोगाने शास्त्रीय पुरावा एकेक करून तपासला आणि त्यातलं फारसं काही शिल्लक राहिलं नाही. १५ सप्टेंबर १९८८ रोजी शिक्षा रद्द झाली. अझारियाचा मृत्यू डिंगोमुळे झाला असा अंतिम निष्कर्ष नोंदवायला मात्र १२ जून २०१२ उजाडला. मुलगी गेल्यावर ३२ वर्षांनी आई-वडिलांना हा कागद मिळाला.

मग लोकांनी प्रश्नच विचारू नयेत का?

हा आक्षेप रास्त आहे. तज्ज्ञ चुकतात, पोलीस चुकतात, हे तर मी आत्ताच सांगितलं. मग सामान्य माणसाने गप्प का बसावं?

बसू नये. चेंबरलेन यांच्या बाजूने जे उभे राहिले त्यांतले अनेक जण फॉरेन्सिक तज्ज्ञ नव्हते. पण त्यांनी केलं काय? त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाड्या शोधल्या आणि त्यांच्या डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं. तिथेही तोच फवारा होता. त्या गाड्यांत कुठलंही बाळ मारलं गेलं नव्हतं.

हाच ब्लँक. सरकारी पक्षाने जो घ्यायला हवा होता, तो हौशी लोकांनी घेतला. म्हणजे दोष हौशी असण्यात नाही. तुलना न करता निष्कर्षावर उडी मारणं ही खरी चूक आहे, आणि ती पदवीधर तज्ज्ञही करतो. शंका घेणं हे नागरिकाचं कामच आहे. पण आपल्याला आधीच पटलेल्या गोष्टीवरही तीच शंका घेता आली पाहिजे.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं बंधनकारक होत आहे. राज्यांना त्याच्या तयारीसाठी मुदत दिली आहे. हा चांगलाच बदल आहे. पण त्याचा अर्थ असाही की यापुढे बातम्यांमध्ये रसायनांची आणि चाचण्यांची नावं जास्त दिसतील, बहुतेक वेळा अर्धवट अवस्थेत. ‘सीआयडी’ मालिकेतले डॉ. साळुंखे एका ब्रेकमध्ये निकाल सांगायचे. खऱ्या प्रयोगशाळेला तेवढी घाई परवडत नाही.

आणि मुलांच्या बाबतीत आपला धीर किती लवकर सुटतो, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी आधीच वातावरण तापलेलं होतं. तिथे रसायनाचा काही संबंध नव्हता. पण मुलाच्या काळजीपोटी मनात येणारं ‘नक्की हेच असणार’ तिथेही होतं आणि त्याची तपासणी करायला कुणीच थांबलं नाही.

फॉरवर्ड करण्याआधी हे चार प्रश्न

१. चाचणी प्राथमिक आहे की खात्रीची? प्राथमिक चाचणी फक्त ‘असू शकतं, पुढे तपासा’ एवढंच सांगते. रक्त शोधायला वापरतात ते ल्युमिनॉल ब्लीचिंगच्या डागावरही चमकतं. ‘रक्ताचे अंश आढळले’ असं वाचलंत तर आधी बघा, खात्रीची चाचणी झाली आहे का.

२. किती सापडलं? बातमीत प्रमाण नसेल तर बातमी अर्धीच आहे.

३. कशाच्या तुलनेत? शेजारच्या घरात, दुसऱ्या गाडीत, नळाच्या पाण्यात तोच पदार्थ किती असतो?

४. हे सांगतंय कोण? अहवाल न्यायालयात आला आहे, की ‘सूत्रांनी’ सांगितला आहे? अहवालावर दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञाने काही म्हटलं आहे का?

यातल्या एकाचंही उत्तर नसेल तर ती बातमी फॉरवर्ड करू नका, अगदी आमची असली तरी. आणि खरोखरच काही पाहिलं असेल, एखादं मूल कुठे दिसलं असेल, तर ते कमेंटमध्ये लिहू नका. ११२ वर किंवा मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनवर कळवा. एखाद्या रसायनावर लिहिलेल्या हजार कमेंट्सपेक्षा ‘अमुक स्टँडवर, अमुक वाजता पाहिलं’ ही एक ओळ तपासाला जास्त उपयोगी पडते.

केली अँथनीबद्दल लोकांना आज काय आठवतं, असं विचारलं तर पहिला शब्द येतो क्लोरोफॉर्म. तिचा तिसरा वाढदिवस ९ ऑगस्टला होता, हे क्वचितच कुणाला आठवतं. आपण सगळे मिळून डिकीचा वास हुंगत राहिलो आणि त्या गडबडीत मुलगी मागे पडली.

मॅडमचा प्रश्न मी आता डेस्कवर स्वतःलाच विचारते. ‘फॉरेन्सिकमध्ये सापडलं’ अशी ओळ आली की हेडलाइन टाइप करण्याआधी एक फोन लावते: ब्लँक घेतला आहे का? बऱ्याचदा समोरून उत्तर येतं, ते अजून माहीत नाही. मग हेडलाइनमध्येही तेच लिहायचं: अजून माहीत नाही. तिला क्लिक्स कमी मिळतात. पण लिंडी चेंबरलेन यांच्या बाबतीत १९८२ मध्ये कुणी एवढं लिहिलं असतं, तर कदाचित एक बाळ आईच्या तुरुंगवासात जन्मलं नसतं.